माझा गतिरोधक

रस्त्याचा आवाज बंद कसा करायचा, हे अख्ख्या विट्यात मला एकट्याला कळतं, असं मी छातीठोकपणे सांगायचो. गेल्या हरिनाम सप्ताहापर्यंत!

आमची कॉलनी रस्त्याला चिकटून, सप्ताहाचा मांडवही रस्त्यालाच. हंगाम लागला की उसाचे ट्रॅक्टर! टपावर कर्णे, कर्ण्यांत प्रेमभंगाची गाणी. या गड्यांना कारखान्यावर जायचंय की स्वतःच्या वरातीला, देव जाणे! सप्ताहाचे कीर्तनकार हरिबा महाराज, त्यांनी तर बजावलं होतं, "यंदा एक अभंग जरी बुडाला, तरी काल्याचं कीर्तन सोडून निघालो समजा!"

महाराजांचं कीर्तन म्हणजे माझा प्राण. मी ठरवलं, मांडवापुढे गतिरोधक! वाहन हळू, आवाज हळू!

"आवं, कुणाला इचारलं का?" बायको अंजना म्हणाली.

"देवाच्या कामाला कसलं विचारायचं?"

शेजारच्या राजवर्धनच्या स्लॅबचं उरलेलं काँक्रीट ओतलं. गतिरोधक कसला, रस्त्यात बसलेली म्हैसच!

काल्याच्या सकाळी महाराजांनी सूर लावला. तेवढ्यात पहिला ट्रॅक्टर आला, म्हैस बघून करकचून थांबला. ड्रायव्हर धोंडिराम खाली उतरला, चपला काढल्या आणि मांडवात मांडी घातली! "लय ग्वाड गळा हाय!" त्याच्यामागं अडकलेले सगळेच येऊन बसले. मी कृतार्थ! पण बाहेर सगळी इंजिनं चालूच. महाराजांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. त्यांनी उपरणं आवरायला घेतलं.

मी धोंडिरामकडे धावलो. "इंजिन बंद कर रं!"

"सेल्फ गेलाय, आवं! मग ढकलावा लागंल."

"अख्खी कॉलनी ढकलंल!"

सगळी इंजिनं थांबली. काय ती शांतता! काय तो काला! माझे डोळे वाहायला लागले.

मग प्रसाद झाला, आणि धोंडिराम माझ्याकडे बघत उभा राहिला.

ट्रॉल्या सोडल्या. कॉलनी लागली ढकलायला. महाराजांनीही धोतर खोचलं. "बोला, हरी विठ्ठल!" ट्रॅक्टर पुढं जायचा, माझ्या म्हशीवर अर्धा चढायचा आणि आमच्या अंगावर परत यायचा! मागच्यांनी हॉर्न धरले ते सोडेचनात.

"कुणी घातला रं ह्यो डोंगर?" धोंडिराम ओरडला.

"कुणीतरी अडाणी असंल!" मी म्हणालो. अंजना नुसती हसली.

शेवटी राजवर्धननं पहार आणली.

आता रस्त्यावर पुन्हा वराती. गतिरोधकाचा मोठा तुकडा आमच्या परसात पडलाय. अंजना पहाटेच त्यावर धुणं आपटते, धाड धाड! तो आवाज बंद करा म्हणायची मात्र माझी छाती नाही.