भिमाजीने तर्री परत केली

धोंडीरामच्या हॉटेलात सकाळची पहिली मिसळ भिमाजीची असायची. मखमलाबादहून झेंडूचा टेम्पो घेऊन तो फुलबाजारात यायचा, माल उतरवायचा आणि गल्ल्यामागच्या देवाच्या फोटोसाठी एक हार घेऊन हॉटेलात शिरायचा. धोंडीराम हार घालेपर्यंत कुसाबाई, म्हणजे त्याची बायको, भटारखान्यातून प्लेट पाठवायची. भिमाजी पहिला घास घ्यायचा, जरा डोळे मिटायचा आणि मान हलवून म्हणायचा, "जमली." मगच बाकीच्यांच्या ऑर्डरी सुटायच्या.

हा रिवाज कोणी मुद्दाम पाडलेला नव्हता. एकदा मसाला जरासा करपला होता. तो भिमाजीने पहिल्याच घासात ओळखला आणि अख्खं पातेलं ओतून द्यायला लावलं. तेव्हापासून बाजारातले हमाल, हारवाले, रिक्षावाले भिमाजीच्या मानेकडे बघूनच हात धुवायला उठत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घोटाळा झाला तो या मानेमुळेच.

झालं होतं असं, की भिमाजीच्या रक्तात साखर निघाली. थोडीथोडकी नव्हे, चांगली भरघोस. मुलगा राज रिपोर्ट हातात घेऊन म्हणाला, "आबा, पुढच्या तपासणीत साखर खाली आली नाय, तर टेम्पो मी नेणार. तुम्ही घरी बसायचं. किल्ली माझ्याकडं."

किल्ली भिमाजीच्या कमरेला करगोट्यात अडकवलेली असे. अंघोळीला जातानाही ती निघत नसे. बाजार, तिथला आरडाओरडा, भावासाठीची हुज्जत हे सगळं गेल्यावर दिवसभर करायचं काय, हे त्याला सुचेना. शेवटी सून दीपमाला मध्ये पडली.

"अहो, मिसळ बंद केली तर आबा चोरून खातील," ती नवऱ्याला म्हणाली. "त्यापेक्षा कशी खायची ते सांगू या. आबा, तर्री नको, तो नुसता तेलाचा थर असतो. फरसाण नको. मटकी जास्त मागायची, वरून कांदा, लिंबू, वाटीभर दही. पाव एकच. जिलबीकडे बघायचंच नाही. आणि रस्सा वाढणारा बादली घेऊन आला, की प्लेटवर हात आडवा धरायचा."

"अन् त्यानं हातावर वतला तर?"

"तर हात धुवायचा, आबा. चाटायचा नाही."

भिमाजीने सगळं पाठ केलं. मात्र बाजारात साखरेचं नाव काढायचं नाही, असंही त्याने मनाशी ठरवलं. मागे एका हारवाल्याने आपली साखर बोलून दाखवली होती. त्याला कोणी कारल्याचा रस पाजला, कोणी जांभळाच्या बियांची पूड चारली, एकाने तर अनवाणी रामकुंडापर्यंत चालवलं. वर व्यापारी म्हणू लागले, गडी आता थकला, भाव पाडून मागा. तसलं काही भिमाजीला नको होतं.

त्या सकाळी हॉटेल गच्च भरलं होतं. दसऱ्याचा झेंडू विकून सगळ्यांना भूक लागली होती. कुसाबाईने नेहमीप्रमाणे प्लेट पाठवली. फरसाणाचा डोंगर, त्यावर लालभडक तर्री. भिमाजीने ती हळूच पुढे सरकवली.

"धोंडू, आज तर्री नको. फरसाणबी नको. मटकी वाढव, दही दे. पाव एकच."

धोंडीरामचा हात गल्ल्यावर होता, तो तिथेच थांबला. "उपास हाय का?"

"उपासाला मटकी खात्यात व्हय?"

"मग पोट बिघडलं?"

"पोट ठणठणीत हाय."

"मग तर्रीला काय झालं?"

"काय नाय झालं. आज असंच."

ठरलेली सोयरीक मोडणारे लोकही कारण विचारलं की "असंच" म्हणतात. त्यामुळे त्या शब्दाने कोणाचंच समाधान झालं नाही. भरलेली प्लेट सगळ्यांच्या नाकासमोरून आत परत गेली. नवी प्लेट आली. भिमाजीने पहिला घास घेतला, डोळे मिटले. सगळे वाट बघत राहिले. पण उकडलेली मटकी ती उकडलेलीच लागत होती, आणि भिमाजीला चवीच्या बाबतीत खोटं बोलता येत नव्हतं. मान काही हलली नाही.

"तर्री परत केली," फुलांचा व्यापारी रावजी शेजारच्या गोरक्षला म्हणाला.

"फरसाण पण," रिक्षावाला गोरक्ष म्हणाला. "तेल खराब असंल."

"तेल खराब हाय?" पलीकडच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"आसं म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

"आत्ता हितंच चाललं व्हतं."

ही बातमी दारापर्यंत पोहोचेपर्यंत तेलात पाल पडलेली होती. बाहेर रिक्षांच्या रांगेत गेली तेव्हा ती पाल दोन दिवसांची झाली होती. एकाने मिसळीची ऑर्डर बदलून चहा मागवला. दुसऱ्याने चहाही नको म्हणून बिस्किटाचा पुडा घेतला. दोघं आत आले, वास घेतला आणि तसेच मागे फिरले.

धोंडीराम घाबरला. सणाचे दिवस, भलंमोठं पातेलं भरलेलं, आणि गिऱ्हाईक चहा पितंय! त्याने एक स्टीलचा ग्लास घेतला, पातेल्यातली तर्री त्यात भरली आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायला.

"बघा! काय हाय ह्यात? पितो का नाय मी?"

तर्री झणझणीत होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बघा, रडतोय बिचारा," मागून कोणी म्हणालं.

धोंडीरामने ईर्षेने दुसरा ग्लास भरला. तेवढ्यात हातात पळी घेऊन कुसाबाई बाहेर आली आणि सरळ भिमाजीसमोर उभी राहिली.

"भाऊ, मसाला मी भाजते. दर भाऊबीजेला तुम्हाला ओवाळते. काय चुकलं असंल तर तोंडावर सांगा. भरली प्लेट परत धाडून माझी अब्रू कशाला घालवता?"

"कुसाबाई, आगं तसं नाय..."

"मग एक घास खा," धोंडीराम तिखटाने नाक ओढत म्हणाला. "एकच. अन् मोठ्यानं जमली म्हण. माझा धंदा बसतोय, भिमा."

परत गेलेली प्लेट पुन्हा पुढ्यात आली. भिमाजीने पाव मोडला, तर्रीत बुडवला. लाल तेल पावात चढू लागलं. एक घास खाल्ला तर मैत्री राहत होती. पण भिमाजी स्वतःला पुरता ओळखून होता. एक घास खाऊन तो कधीच उठला नव्हता. संध्याकाळी दीपमाला तोंडाकडे बघून विचारणार, आणि कमरेची किल्ली जाणार. त्याचा हात करगोट्याकडे गेला. मग त्याने तो पाव प्लेटमध्ये ठेवला आणि बाकावरून उठला.

"ऐका रे सगळे!" तो लिलावात ओरडतात तसा ओरडला. "तर्री एक नंबर हाय. पाल नाय, काय नाय. बिघाड माझ्यात हाय. मला साखर निघाली!"

भिमाजी कारल्याच्या रसाची वाट बघत उभा राहिला.

रावजी जरा खाकरला. "मलाबी हाय," तो म्हणाला.

"काय?"

"साखर. घरी म्हाईत नाय."

"मला दोन वर्षं झाली, आबा," गोरक्ष पायाकडे बघत म्हणाला.

"मग एवढी तर्री वरपतो कशाला, येड्या?"

"तुम्ही जमली म्हणता ना. मग राहवत नाय."

दाराजवळच्या एका हमालाने हात वर केला. मग दुसऱ्या बाकावरचे दोघं, मग बिस्किटाचा पुडा घेतलेला माणूस. त्याने पुडा हळूच खिशात टाकला. अर्धं हॉटेल एकमेकांकडे बघत होतं. आणि अशा वेळी, दुसरा ग्लास हातात धरलेला धोंडीराम बोलून गेला, "भिमा, साखर तर मलाबी हाय रे. अन् प्रेशर."

कुसाबाई सावकाश वळली. "कधीपासून?"

धोंडीरामने ग्लास पाठीमागे लपवला. "आखाजीच्या सणापासून."

"अन् मला न सांगता ग्लासानं तर्री ढोसता? ठेवा तो ग्लास खाली!"

ग्लास खाली ठेवला गेला. कुसाबाई पळी घेऊन आत गेली. आत बराच वेळ भांडी आपटत होती. मग तिने स्वतः प्लेट आणली. वाफाळती मटकी, वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड, बारीक कांदा, कोथिंबीर, थोडा ठेचा, लिंबू, बाजूला घट्ट दही. भिमाजीने घास घेतला. डोळे मिटले.

मान हलली. "जमली."

"मला तसलीच एक!" रावजी ओरडला. "मला दोन!" गोरक्ष म्हणाला. उन्हं वर येईपर्यंत मटकी संपली. पातेल्यातली तर्री मात्र होती तिथेच होती, आणि धोंडीराम दुरून तिच्याकडे बघत ताक पीत होता.

भिमाजी निघाला तेव्हा कुसाबाई दारापर्यंत आली. "भाऊ, तुमच्या राजलाबी ह्या नव्या मिसळीचं सांगा. पोरगं रोज दुपारी येतं अन् तर्री दोनदा घेतं. वर जिलबी."

"राज? तो तर दुपारचा खताच्या दुकानात कामाला असतो."

"खताचं दुकान काय, शेजारीच हाय की."

घरी राज ओट्यावर उभाच होता. बातमी भिमाजीच्या आधीच घरी पोहोचली होती. त्याने हात पुढे केला. "आबा, हॉटेलात राडा झाला म्हणे. काय खाल्लं खरं सांगा, नायतर किल्ली द्या."

"मटकी, दही, एक पाव," भिमाजी म्हणाला. "कुसाबाईला विचार. तीबी तुझी चौकशी करत व्हती. म्हणली, पोराला जिलबी लय आवडती."

राजचा हात तसाच डोक्याकडे वळला आणि केस खाजवू लागला.

"कुठली जिलबी?" दीपमाला दारात येऊन म्हणाली. "तुम्हाला तर दुपारी डबा पुरतो ना?"

भिमाजीने किल्ली करगोट्यात नीट सरकवली आणि पाय धुवायला मोरीकडे गेला. मागून बराच वेळ फक्त दीपमालाच बोलत होती. मग ती पदराला हात पुशीत आली आणि राजच्या मोटारसायकलची किल्ली तिने सासऱ्यापुढे धरली.

"आबा, ह्यांचीही साखर तपासून होईपर्यंत हीपण तुमच्याकडेच राहू द्या."