मोतीराम आबांचं उड्डाण

मोतीराम आबा डबा उभ्यानं खायचे. रावेरच्या आमच्या पाटबंधाऱ्याच्या कचेरीत माणसं कमी आणि खुर्च्या जास्त होत्या, पण दुपारी एक वाजला की आबा खिडकीपाशी जाऊन उभे राहत. डाव्या तळहातावर डब्याचं झाकण, झाकणात भाजी, आणि डोळे बाहेरच्या लिंबावर. पाच मिनिटांत जेवण आटोपून ते झाकण धुवायला जात.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर सहा वर्षं काढली. पहिल्या वर्षी विचारलं, तर म्हणाले, उभ्यानं खाल्लं की अन्न सरळ खाली जातं. दुसऱ्या वर्षी म्हणाले, घोडा जन्मभर उभ्यानं खातो, त्याला कधी पित्त झालेलं ऐकलंय का? तिसऱ्या वर्षी झाकण घेऊन धुवायला निघून गेले. मग मी विचारणं सोडून दिलं. आबांच्या बाबतीत बऱ्याच गोष्टी मी थकूनच सोडून दिल्या होत्या.

माणूस मूळचा धुळ्याकडचा, साक्री तालुक्यातला. उंच, रुंद, खिशात कायम सुतळीचा गुंडा. दिसेल त्या वस्तूला ते दुहेरी गाठ मारून ठेवत. फायलींना, छत्रीला, एकदा तर माझ्या सायकलला. ती सोडवायला मला अर्धा तास लागला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यामुळे गावात कुणाचंही काम निघालं की आबा पुढे. "आपलं काय शे भाऊ, आपण मोकळाच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की मी फायलीत तोंड खुपसायचो, कारण आबा मोकळे असले तरी सोबतीला ते मला धरायचे, आणि मी मुळीच मोकळा नव्हतो. शेजाऱ्याची आजारी म्हैस यावलच्या गुरांच्या डॉक्टरकडे न्यायची होती, तेव्हा म्हैस टेम्पोत चढायला तयार होती, टेम्पोवालाच तयार नव्हता. मग आम्ही दोघं तिला घेऊन पायी निघालो. म्हैस वाटेतच बरी झाली आणि मी आठ दिवस रजेवर गेलो.

असा हा माणूस एका जानेवारीत वर्तमानपत्र घेऊन माझ्या टेबलापाशी आला, तेव्हाच मी ओळखलं की आता आपलं काही खरं नाही.

बातमी अशी होती. जळगावला एक साहसी मंडळ येणार होतं. परदेशात म्हणे लोक विमानातून उडी मारतात आणि त्या उडीवर धर्मादाय कामासाठी मदत गोळा करतात. जळगावला उडी मारण्याजोगं विमान कुठलं मिळायला? म्हणून मंडळानं पॅराशूटची छत्री आणली होती. ती माणसाच्या पाठीला बांधायची, तिचा दोर जीपला, आणि जीप मैदानात पळवायची, की माणूस वर. उडणाऱ्यानं आपापल्या गावातून पाठीराखे मिळवायचे आणि मिळेल ती मदत एखाद्या चांगल्या कामाला द्यायची.

आबांनी काम आधीच ठरवलं होतं. जळगावला एक धर्मादाय दवाखाना आहे, आबांची बायको शेवटी तिथेच होती. दवाखाना चांगला, डॉक्टर देवमाणूस, पण पेशंटबरोबर आलेल्या नातेवाइकांना बसायला जागा नव्हती. उन्हापावसात सगळे फाटकाशी उभे. आवारात मोकळी जागा होती, तिथे पत्र्याची एक शेड उभी करायची, खाली फरशी घालायची, एवढंच आबांच्या मनात होतं. डॉक्टरांनी जागा द्यायचं कबूलही केलं होतं.

मग आम्ही दोघं रोज संध्याकाळी गावात फिरलो. आमच्या लोकांना स्पॉन्सर वगैरे काही कळेना, पण आबा उडणार हे कळलं. केळीच्या ट्रका चालवणारे मुरलीधर नाना पत्रे द्यायला तयार झाले. कुणी लोखंडी पाइप, कुणी वाळूची ट्रॉली, कुणी फरशी. मात्र बोली एकच, आबा उडाले तरच माल जळगावला जाईल. न उडता कोण कशाला देईल? नाना तर म्हणाले, रावेरचा माणूस आभाळात दिसला की पत्रे त्याच दिवशी ट्रकमध्ये चढवतो.

इथवर सगळं ठीक होतं. पण आमच्याकडे माणूस लांबच्या यात्रेला निघाला की त्याला घरोघरी जेवायला बोलावतात. माणूस परत येतो न येतो, दोन घास आपल्या घरचे खाऊन जावा, अशी त्यामागची भावना. जो कुणी पत्रा किंवा पाइप कबूल करी, तो लगेच जेवायचं आमंत्रणही देई. नानांच्या घरी वांग्याचं भरीत आणि पुऱ्या. वाळूवाल्याकडे वरण-बट्टी, वरून वाटीभर तूप. फरशीवाल्याच्या आईनं तर खापरावरचे पुरणाचे मांडे केले, आणि आबांना चौथा वाढताना म्हणाली, "खाऊन घ्या भो, वरती कुठी काही भेटतं?"

मी सोबतीला होतोच. तिसऱ्या दिवशी माझं पोट बिघडलं. मी ताकावर आलो, आबा मात्र जेवत राहिले. एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली. प्रत्येक घरी आबा पाटावर मांडी घालून, अगदी निवांत बसून जेवत होते. घरातल्या पोरांशी बोलत, भाजी पुन्हा मागून घेत, जेवण झाल्यावरही पाट सोडायला तयार नसत. मी घोड्याची आठवण करून दिली तर म्हणाले, "गप जेव."

मंडळाच्या फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं, वजन ऐंशी किलोच्या आत. आबांनी सत्त्याहत्तर लिहिलं होतं आणि ते खरं होतं. चार दिवस उरले तेव्हा मला शंका आली. मी त्यांना केळीच्या वखारीतल्या काट्यावर उभं केलं. एक्क्याऐंशी भरले. मी हात जोडून सांगितलं की आता चार दिवस भाकरी आणि पाणी. आबांनी मान डोलावली. त्याच रात्री पाइपवाल्याकडे खिरीच्या दोन वाट्या घेतल्या. सकाळी मी संतापलो, तर म्हणाले, त्या माउलीनं एवढ्या मायेनं वाढलं, नाही कसं म्हणू? मी रजिस्टर उघडून कामाला लागलो.

उड्डाणाच्या दिवशी नानांचा ट्रक भरून रावेर जळगावला आलं होतं. मैदानावर छत्री पसरलेली, जीप घुरघुरत होती. मंडळाच्या पोरांनी आबांना काट्यावर उभं केलं. त्र्याऐंशी. आबांनी स्वेटर काढला. मग बूट, टोपी, घड्याळ. शेवटी खिशातला सुतळीचा गुंडा काढून माझ्या हातात दिला आणि आशेनं काट्याकडे पाहिलं. काटा ब्याऐंशीच्या खाली येईना. पोरगा नम्रपणे म्हणाला, "काका, नियम आहे. तुमच्या जिवाचा प्रश्न आहे."

ज्यांनी जेवू घातलं तेच समोर उभे होते, त्यामुळे बोलायला कुणाला तोंड नव्हतं. आबा काट्यावरून उतरले आणि तिथेच, हातात बूट घेऊन उभे राहिले. मला ते अजिबात सहन झालं नाही.

नाना खाकरून म्हणाले, बोली उडायची होती, कोण उडतो त्याला महत्त्व नाही, माणूस रावेरचा पाहिजे. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं वजन एक्कावन्न. ते बिघडलेल्या पोटामुळे आणखी घटलं असेल. मी शूर नाही. मला माळ्यावरचा डबा काढायलासुद्धा बायको लागते. पण इतक्या दिवसांत मी इतका दमलो होतो, की नाही म्हणण्याइतकी ताकद उरली नव्हती. मी चपला काढल्या.

पट्टे बांधले पोरांनी, पण आबांनी प्रत्येक पट्टा ओढून पाहिला. सुतळीची एक गाठ वरून मारू द्या म्हणाले, पोरांनी मारू दिली नाही. जीप निघाली, माझे पाय चार पावलं पळाले आणि मग खाली जमीनच राहिली नाही. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा माणसं बाहुल्यांएवढी दिसत होती. त्यातला एक जण जीपच्या मागे धुळीत अनवाणी पळत होता, मान वर करून, आणि त्याच्या हातात माझ्या चपला होत्या. एवढी काळजी माझ्या बापानंही कधी केली नव्हती. वर भीती वाटली, हे खरं. पण रडू त्या चपलांमुळे आलं.

मार्चमध्ये शेड उभी राहिली. नानांनी शब्द पाळला, उलट दोन पत्रे जास्तच दिले. एप्रिलमध्ये कचेरीच्या कामानं आम्ही दोघं जळगावला गेलो होतो, तेव्हा दुपारचे डबे घेऊन आबा मला तिथे घेऊन गेले. शेडमध्ये पाचसात कुटुंबं जेवायला बसली होती. आबा डबा हातात घेऊन खांबाशी उभे राहिले.

मी म्हटलं, "आबा, आता तरी सांगा. घोडा सोडून."

त्यांनी समोर दवाखान्याच्या एका खिडकीकडे बोट दाखवलं. म्हणाले, "त्या खिडकीत ती व्हती. वीस दिवस. बसाले जागा नही, मी फाटकशी उभ्यानं खाऊ. ती रोज इचारे, बसीसन जेवनात का? मी हो म्हणू." बसून जेवलात ना, एवढीच तिची रोजची चौकशी. मग म्हणाले, "एकलं पानावर बसलं की तिचं इचारणं ऐकू येस."

शेजारच्या सतरंजीवर एक म्हातारी नातवासोबत भाकरी खात होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं, आबा कोण तेही माहीत नव्हतं. तिनं नुसती सतरंजी सारून जागा केली आणि म्हणाली, "बसा ना भाऊ, उभे काऊन?"

आबा बसले. मांडी घालून, डबा पुढे ठेवून. म्हातारीनं त्यांच्या झाकणात ठेचा वाढला, त्यांनी तिच्या नातवाला गूळ दिला. मीही पलीकडे टेकलो. आबा सावकाश जेवले, त्या दिवशी पाच मिनिटांत आटोपलं नाही. हात धुवून आले, खिडकीकडे पाहिलं, आणि जवळच्या माणसाला सांगावं तसं हळूच म्हणाले, "बसीसन जेवनू आज."