पेटी, कंबर आणि अंगठ्यापर्यंतची नस

माझी बायको कालिंदी हिचं बिंदुमाधवाच्या देवळात पहिलंच कीर्तन ठरलं. वडिलांकडून शिकलेलं सगळं तिनं आजवर स्वयंपाकघरातच गाऊन काढलं होतं, त्यामुळे घरात धाकधूक होती. पेटीवर साथ माझीच होती, तेव्हा तालमीसाठी ती देवळापर्यंत मी स्वतः नेईन, असं मी जाहीर केलं. हमाल बघा, ती म्हणाली. पण मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला कारकून. जन्मभर वजनं केलेली (खुर्चीत बसून). मला एक पेटी जड होणार?

दाराबाहेर ठेवलेली पेटी उचलायला वाकलो आणि उजव्या कुल्ल्यातून वीज निघाली. मांडीच्या मागून, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत गेली. मी ओरडलोसुद्धा नाही. एवढी प्रचंड घटना एकट्या माझ्या शरीरात घडते आहे, याचाच अचंबा वाटत राहिला. सरळ होता येईना, बसता येईना. तसाच वाकून उभा राहिलो. मंगला गौरीच्या दर्शनाला निघालेल्या यात्रेकरूंना वाटलं, इथेही काहीतरी जागृत स्थान असावं. एक बाई आमच्या उंबरठ्यावर झेंडूचं फूल ठेवून गेली.

शेजारचे ढुंढिराजशास्त्री बाहेर आले. "का भयल गुरु?" म्हणाले, इथल्या बोलीत 'काय झालं?' नस चढली आहे, पालथे पडा, पाठीवर पाय देऊन उतरवतो, असा त्यांचा सल्ला. शास्त्रीबुवा श्राद्धपक्षातले नामांकित जेवणारे. त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आपोआप घरात चालू लागलो.

पुढे पोटरीला मलम चोळत अंथरुणात पडून राहिलो. जितका पडलो तितका आखडलो. शेजारच्या खोलीत कालिंदी हळू आवाजात आख्यान घोकत होती. एके दुपारी ते थांबलं. ती दारात येऊन म्हणाली, "तुम्ही नसाल तर मी उभी राहणार नाही. देवळात तसं कळवते."

त्याच संध्याकाळी मी डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर मृणालिनी आमच्या ओळखीतली मुलगी. तिनं मला उताणं निजवून पाय सरळ वर उचलला, वीज पुन्हा जाऊन आली, आणि ती माझी कंबर तपासू लागली. मी तिला समजावलं की दुखतंय पोटरीत.

"काका, घंटा वर वाजते, पण दोरी कुठून ओढली जातेय ते बघायला नको?"

मग तिनं भिंतीवरचं चित्र दाखवलं. मणक्यांमधली गादी सरकून नसेच्या मुळाला दाबत होती. सायटिका. आणि ती नस! करंगळीएवढी जाड, कमरेतून निघून तळपायापर्यंत फाटे फुटत गेलेली. जन्मापासून ती माझ्यात होती, मला चालवत होती, आणि मी तिचं नावही विचारलं नव्हतं. मी हात जोडले. मृणालिनीला वाटलं, निघालो.

तिनं बसवून सांगितलं: पडून राहू नका, झेपेल तेवढं चाला, गोळ्या घ्या, शेका, शिकवते ते व्यायाम करा, कमरेत वाकून वजन उचलू नका. बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो. पण पाऊल लुळं पडलं किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर तडक या. आणि पाठ कुणाला तुडवू देऊ नका. मांडी घालून पेटी वाजवायची नाही, उभ्यानं चालेल.

म्हणून कीर्तनाच्या संध्याकाळी पेटी उंच टेबलावर आणि मी उभा. (पेटी हमालानं आणली.) कालिंदी नऊवारी नेसून पुढे आली. पहिल्या ओवीला आवाज कापला. नंतर जो लागला, तो खाली नदीवरच्या पंचगंगा घाटापर्यंत गेला असावा, कारण नावाडी पायऱ्या चढून वर आले आणि दाराशी उभे राहिले. ढुंढिराजशास्त्री डोळे पुसत होते. इतकी वर्षं ही बाई मला भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारत होती! मी नुसता बघत राहिलो. आरतीची घंटा वाजली तेव्हा ध्यानात आलं, की माझी बोटं पट्ट्यांवर तशीच थिजली होती. पहिल्या अभंगानंतर मी पेटीचा भाता हलवलाच नव्हता.

परतताना तिनं माझा हात धरला होता. क्षमा मागायला मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "आज तुमची साथ फार गोड झाली. नेहमी अशीच करत जा."