उठवणारी खुर्ची

विजेवर चालणारी खुर्ची बघायला शुक्रवारी जाऊ नये, एवढी अक्कल डोंबिवलीच्या माणसाला जन्मजात असते. दुरुस्तीसाठी वीज घालवायचा आमच्याकडचा वार शुक्रवार. पण माझी रजा शुक्रवारी होती, म्हणून वार मीच सुचवला. उल्हासनगरच्या त्या फर्निचरच्या दुकानात मी ऐटीत खुर्चीत बसलो, बटण दाबलं, पाठ मागे गेली, पाय वर आले आणि दिवे गेले. खुर्ची तशीच राहिली. तिच्यात मीही.

शेटनी "पाच मिनट में आएगी" म्हणत चहा मागवला. आडव्या माणसाने चहा कसा प्यायचा ते सांगितलं नाही, त्यामुळे तो बराचसा माझ्या शर्टाने प्यायला. सोफ्याचा भाव करणारं एक कुटुंब भाव सोडून मला बघू लागलं. माझ्याबरोबर आलेले गवाणकर मात्र स्टूल ओढून माझ्या उशाशी बसले आणि समाधानाने म्हणाले, "घाई नको, प्रधान. ओळख होऊ दे."

गवाणकर आमचे सख्खे शेजारी, गोदीतून निवृत्त झालेले. माणूस आणि वस्तू यांची नीट ओळख झाल्याशिवाय खरेदी करू नये, हा त्यांचा सिद्धान्त. मिक्सर घ्यायचा ठरला तेव्हा ते घरून भिजवलेली डाळ घेऊन दुकानात गेले आणि वाटून घेऊन परत आले. मिक्सर दुकानातच. पुढच्या आठवड्यात खोबरं नेलं. टीव्हीच्या वेळी ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या एका दुकानात उभं राहून त्यांनी अख्खा कसोटी सामना पाहिला. पाचही दिवस. "मुलीसाठी नवरा अर्ध्या तासात पसंत केला यांनी," वहिनी सांगायच्या, "छत्रीला मात्र दोन पावसाळे गेले."

खुर्ची या वहिनींसाठीच होती. त्यांचे गुडघे पार गेले होते. बसल्या की आपल्या आपण उठता येत नसे. मस्कतच्या मुलाने पैसे पाठवून फोनवर बजावलं होतं की दिवाळीला येईन तेव्हा आईसाठी तशी खुर्ची घरात दिसली पाहिजे. तिचं एक बटण माणसाला निजवायचं आणि दुसरं दाबलं की बैठक पुढे झुकून त्याला अलगद उभं करायची. माझी ऑफिसातली खुर्ची गोल फिरते, एवढ्या पात्रतेवर गवाणकरांनी मला तज्ज्ञ म्हणून नेलं होतं.

वीज काही आली नाही. शेवटी गवाणकर समोर आले, पाय रोवले, दोन्ही हात पुढे केले, "हं, श्वास घ्या" म्हणाले आणि पुढच्या क्षणी मी उभा होतो. मी एकटा बसलो तरी रिक्षावाले मागे वळून बघतात, इतकं माझं वजन. तरी या साठी उलटलेल्या गृहस्थाला धापही लागली नाही. उभं केल्यावर त्यांनी हात लगेच सोडले नाहीत. गुडघ्यांचा विश्वास बसेपर्यंत थांबायचं असतं, म्हणाले.

त्यानंतर ते चार-पाच वेळा ओळख वाढवून आले आणि दर वेळी नवी शंका घेऊन आले. व्होल्टेज कमी पडलं तर? उंदराने वायर कुरतडली तर? पाहुणा चहा पीत असताना खुर्चीने त्याला उभं केलं तर? यावर, हा तर गुण झाला, असं मी म्हणालो. पण त्यांना हसू आलं नाही.

अशात एकदा ते भाजीला गेले आणि वाटेत कुणी जुना सोबती भेटला. इकडे वहिनी कॉटवर बसलेल्या आणि गॅसवर भात. जळका वास आमच्याकडे आला तेव्हा माझी बायको धावली. गवाणकर परतल्यावर तिने त्यांना स्पष्ट सांगितलं, "भाऊ, आता ती खुर्ची आणाच." गवाणकरांनी पिशवी खाली ठेवली आणि करपलेलं पातेलं घासायला घेतलं. हा माणूस मुलाचे पैसेसुद्धा खर्च करू शकत नाही, असं मी घरी येऊन जाहीर केलं.

शेवटी शेटच कंटाळले. "घर पे ओळख करो," म्हणत त्यांनी आठवड्याच्या बोलीवर खुर्ची टेम्पोने पाठवून दिली. आम्ही सगळे बघायला जमलो. वहिनी बसल्या, त्यांनी बटण दाबलं, खुर्ची घरघरत वर आली आणि वहिनी उभ्या. समोर गवाणकर सवयीने दोन्ही हात पुढे करून उभे होते. वहिनी हसत त्यांच्या बाजूने स्वयंपाकघरात निघून गेल्या. ते हात थोडा वेळ तसेच राहिले. मग गवाणकरांनी खुर्चीचं कव्हर सारखं केलं.

रविवारी मी निकाल विचारायला गेलो. गवाणकर मागे आंघोळीला गेले होते. खुर्चीत वहिनी आणि प्लग जमिनीवर. मी लावायला वाकलो.

"राहू दे, भावोजी," वहिनी हळूच म्हणाल्या. "तो यांनीच काढलाय. व्होल्टेजचा भरवसा नाही म्हणे. बाहेर जाताना मात्र आठवणीने लावून जातात."

मी प्लग होता तिथेच ठेवला.

"मला काही कळत नाही, असं त्यांना वाटतं," त्या म्हणाल्या. "वाटू दे."

गवाणकर डोकं पुसत बाहेर आले. वहिनींनी हाक मारली, "अहो, उठायचंय." टॉवेल खांद्यावर टाकून ते आले, पाय रोवले, हात दिले. दोघं खोलीच्या मधोमध हात धरून उभी राहिली, गुडघ्यांचा विश्वास बसेपर्यंत. जरा जास्तच वेळ. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी शोधत होतो.

"शेटना कळवा, प्रधान," गवाणकर माझ्याकडे न बघता म्हणाले. "खुर्ची ठेवून घेतली."

घरी येऊन आरामखुर्चीत पडल्या पडल्या मी हे सगळं बायकोला सांगितलं. सांगताना माझा आवाजही थोडा भरून आला. ती खाली बसून गवार मोडत होती.

"गुडघे माझेही दुखतात," ती म्हणाली. "पण मला हात द्यायचा तर आधी तुम्हाला त्या खुर्चीतून उठवायला हवं. तसलं बटण मिळतं का, ते बघा."