मालकिणीची कवळी

कंपनीचा खरा मालक भागधारक असतो, यावर सर्व जाणकारांचं एकमत आहे. मान्य करायला पैसे पडत नाहीत, हे त्याचं एक कारण असावं.

शिड्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या अशाच एक मालकीण म्हणजे मावशी. टेलिफोन खात्यातून निवृत्त होताना मिळालेली पुंजी त्यांनी शिड्यांत घातली होती. लाभांश आला की कवळी करायची, असा बेत होता. तोवर त्या डाव्या बाजूने चावत होत्या. आता डावी बाजूही कुरकुरू लागली होती.

वार्षिक सभेत अध्यक्षांनी सुवार्ता दिली. व्याज धरलं नाही, तर नफा दुप्पट झाला होता. (बँक व्याज धरते, पण चांगल्या दिवशी असले विषय काढू नयेत.)

"मग लाभांश किती?" मावशींनी विचारलं.

अध्यक्ष मायेने हसले. "मावशी, भांडवलासाठी नवे भागधारक घेतले असते, तर वाटेकरी वाढले असते. म्हणून आम्ही कर्ज काढलं. तुमचा वाटा मोठा राहावा, हीच तळमळ!"

तर्क बिनतोड होता. आधी बँकेचं व्याज, मग सरकारचा कर, मग अग्रहक्काचे भागधारक. एवढ्यांची पोटं भरली की उरेल ते सगळं मालकांचं, त्यात कुणी बोट घालणार नाही. यंदा काही उरलं नव्हतं. तेही सगळं मालकांचंच होतं.

सभेतला चहाही याच शिस्तीने फिरला. पहिल्या रांगेत बँकेचे साहेब होते. मालकांच्या रांगेपर्यंत किटली आली, तेव्हा तिच्यात मुख्यतः आपुलकी शिल्लक होती.

मावशी चिडल्या नाहीत. उलट त्यांना अगदी घरच्यासारखं वाटलं, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं. त्यांच्या पेन्शनमधून आधी मुलाच्या गाडीचा हप्ता जाई, मग नातीची शिकवणी, मग यजमानांचा क्लब. उरेल ते मावशींचं. पातेल्यातलंही तसंच.

त्या संध्याकाळी त्यांनी पहिलं ताट स्वतःचं वाढलं आणि जाहीर केलं, "या महिन्यापासून आधी माझी कवळी. उरेल ते तुमचं."

यजमानांनी आपल्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "असं कसं, आई? आमचे खर्च ठरलेले आहेत."

"माझे दातही ठरलेलेच होते. बत्तीस."

"अगं, पण तू तर या घरची मालकीण!" मुलगा कळवळून म्हणाला. अध्यक्षांनाही इतका सूर साधला नव्हता.

"म्हणूनच आधी बसले," म्हणत मावशी सावकाश चावत राहिल्या.

वाचकांना हे कुटुंब फार आपमतलबी वाटेल. खुशाल वाटू द्या. फक्त आज जेवून हात धुण्याआधी एकदा पातेल्यात डोकावा, आणि घरात कोण अजून जेवायचं राहिलंय तेही बघा.