एकाच ठाणातल्या तीन लेकी

"आपल्या दारातून कुणी रिकाम्या हातानं परत जाता कामा नये. द्यायला काहीच नसलं तर घटकाभर शेजारी बसा. पण रिकामं पाठवू नका."

संस्थेच्या मोठ्या ताई हे इतक्यांदा सांगत, की त्यांना जाऊन दोन वर्षं झाली तरी भांडारात, जिन्यात, भांडी घासायच्या मोरीपाशीसुद्धा ते सगळ्यांना ऐकू येई. संस्था बेघरांसाठी होती. दुपारचं जेवण, आंघोळीला गरम पाणी, धुतलेले जुने कपडे आणि शहरात दुसरीकडे कुठं न मिळणारी एक वस्तू तिथं मिळे, ती म्हणजे पत्ता. पुलाखाली झोपणाऱ्या माणसाला पत्र यायचं तर कुठं? म्हणून मोठ्या ताईंनी भिंतीला साठ लाकडी खण ठोकून घेतले होते. आपल्या माणसांना संस्थेचा पत्ता कळवायचा आणि येऊन आपल्या खणातलं टपाल न्यायचं.

या खणांपाशी टपालाच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे टपालताई म्हणत. टपालताई रोज सकाळी देवापुढे हात जोडून एकच नेम घेत: आज खोटं बोलणार नाही. नेम सोपा नव्हता, कारण बरोबर दहाला शिंपीकाका येत.

"ताई, माझं काही?"

टपालताई खण क्रमांक सत्तावीस उघडत, आत बघत. "नाही हो काका."

"बरं. उद्या बघू."

डोळे गेले तशी काकांची शिलाई गेली आणि मग तेही लेकीच्या घरातून निघाले. तीन वर्षं ते तिच्या पत्राची वाट बघत होते. त्या तीन शब्दांचं खरं बोलताना टपालताईंना रोज वाटे, खोटं बोलण्याचं पाप याहून फार मोठं असेल का?

यंदा थंडी लवकर पडली आणि काकांचा खोकला छातीत उतरला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "हा हिवाळा पुलाखाली काढलात तर पुढचा बघायचा नाहीत." शहराबाहेरच्या निवाऱ्यात चौदा नंबरची खाट रिकामी झाली होती. पण काका हलेनात.

"लेकीचं पत्र आलं की जातो. ती मला शोधत इथं यायची आणि मी तिकडं लोळत पडलेला. बरं दिसेल का?"

बुधवारी व्यवस्थापकांनी निर्वाणीचं सांगितलं, "उद्या पाचपर्यंत. मग खाट दुसऱ्याला जाईल, माझ्या हातात काही नाही."

त्या संध्याकाळी संस्थेतल्या तीन खोल्यांत तीन माणसांच्या मनात एकच गोष्ट आली. बैठकीत या तिघांचं चहातल्या साखरेवरसुद्धा कधी एकमत झालं नव्हतं.

गुरुवारी सकाळी टपालताईंनी पिशवीतून एक पाकीट काढलं आणि इकडंतिकडं बघून सत्तावीस नंबरात सरकवलं. नेम बोलण्याचा होता, लिहिण्याचा नव्हता, अशी त्यांनी देवाशी आदल्या रात्रीच तडजोड केली होती. मग त्या पाणी भरायला गेल्या. तेवढ्यात घात झाला.

"ताई, माझं काही?"

"आहे, काका!" हे खरं होतं, त्यामुळे त्यांचा आवाज फारच मोठा निघाला. त्यांनी खण उघडला. आत एकाऐवजी दोन पाकिटं होती आणि तिसऱ्याचा कोपरा मागच्या फळीच्या फटीतून डोकावत होता.

काका बाकावर बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "वाचा. सावकाश वाचा."

पहिलं पत्र टपालताईंचंच होतं, ते सुरळीत गेलं. बाबा, मी खुशाल आहे, मुलगा आता चालायला लागलाय, तुम्ही निवाऱ्यात जा, मी तिथंच येईन.

"नातू!" काका म्हणाले. "आणि दुसरं?"

टपालताईंनी दुसरं उघडलं आणि पहिली ओळ मनातल्या मनात वाचून त्या थबकल्या. पण समोरचं जसंच्या तसं वाचणं भाग होतं. "बाबा, इकडं सगळं ठीक. कांदा महाग झालाय. दोन्ही मुली पोटभर जेवतात. तुम्ही निवाऱ्यात जा. तिथलं जेवण गरम असतं, फक्त मीठ थोडं कमी पडतं, ते मागून घ्यावं."

स्वयंपाकघराच्या दारात उभा असलेला आचारी एकाएकी छताकडं बघू लागला.

"पहिल्यात मुलगा होता," काका म्हणाले.

"मागं अजून एक अडकलंय वाटतं," आचारी घाईनं म्हणाला. "थांबा, मी काढतो." तो उलथनं घेऊन आला आणि त्यानं ते फळीत खुपसलं. फळी करकरली, जाडजूड पांढरं पाकीट बाहेर आलं, आणि त्याच्यामागून आणखी एक, पिवळं पडलेलं, जमिनीवर पडलं.

टपालताईंनी आधी पांढरं फोडलं. "विषय : क्षेमकुशलाबाबत. आदरणीय बाबा, कुटुंबातील सदस्यसंख्या पूर्ववत आहे. आपणांस कळविण्यात येते की, निवाऱ्यातील खाट क्रमांक चौदा आज सायंकाळी पाच वाजेपर्यंतच राखीव असून..." त्यांचा आवाज बारीक होत गेला. "आपली विश्वासू, कन्या."

जिन्यात उभे असलेले व्यवस्थापक खोकले.

काकांनी हात पुढं केला. तिन्ही पाकिटं घेऊन अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एकेक कागद चोळून बघितला, पूर्वी कापड बघत असतील तसा.

"एकाच ठाणातलं आहे," ते म्हणाले. "तुमच्या भांडारातलं. एका लेकीचा बाप होतो, आज तीन लेकींचा झालो. एक स्वयंपाकघरात कामाला, एक कचेरीत." मग हसू विरलं. "माझी पोरगी मला अप्पा म्हणते."

टपालताईंनी खाली वाकून पिवळं पाकीट उचललं आणि त्यांच्या हातात ठेवलं. काकांची बोटं त्याच्या कडेवर थांबली. ती कड दोऱ्यानं शिवलेली होती, बारीक, सरळ टीप.

"डिंक नव्हता तेव्हा," काका हळू म्हणाले. "हे माझं आहे. पहिल्या दिवशी मोठ्या ताईंनी खण दाखवला, म्हणाल्या, तुमचं टपाल इथं. मी म्हटलं, इथनंच जात असेल. आत टाकलं, अगदी मागं सारून, पडू नये म्हणून."

म्हणजे लेकीला पत्ता कुणी कळवलाच नव्हता. काकांना वाटत होतं संस्थेनं कळवला, संस्थेला वाटत होतं काकांनी. तीन वर्षं टपालताई रोज त्या खणात बघत होत्या, आणि पत्र फळीमागं, वीतभर अंतरावर.

"म्हणजे गेलंच नाही," काका म्हणाले. "नातीचा शाळेचा झगा मी बेतला होता. दिसेना, तर एक बाही आखूड झाली. पोरगी म्हणाली, अप्पा, आता कशाला हात लावू नका. मी निघालो. मग वाटलं, चूक झाली, लिहिलं. उत्तर येईना तसं म्हटलं, इतका राग? तीन वर्षं मी तिच्यावर उगाच रुसलो हो, ताई."

टपालताईंनी डोळे पुसले. पाकिटावरचा पत्ता वाचला. याच शहरातला होता, दोन बस बदलल्या की झालं.

"मी नेऊन देते. आत्ता. माझ्या हातानं."

"ती तिथं राहात नसली तर?"

"जिथं असेल तिथं."

काकांनी मांडीवरची टोपी डोक्यावर चढवली. "चला तर. कुठंय ती खाट? आणि ही तीन पत्रं राहू देत माझ्याकडं. त्या कांदेवालीनं बरं लिहिलंय."

व्यवस्थापकांनी गाडीचं दार स्वतः उघडलं. आचाऱ्यानं डबा भरून दिला आणि त्यात चिमूटभर मीठ पुडीत बांधून ठेवलं.

टपालताईंनी खिडकी लावून घेतली. कोपऱ्यावर टपालपेटी होती. तिथं त्या क्षणभर थांबल्या. मग पिवळं पाकीट दोन्ही हातांत धरून पुढं, बसथांब्याकडं चालू लागल्या.