चहाभात घेणार ना?

बोलण्यातली खोच ओळखण्यात अख्ख्या क्योतोत माझा हात धरणारा कोणी नाही! शेजारीण म्हणाली, "तुमचं कुत्रं किती चुणचुणीत आहे हो!" की मी त्याला आधी घरात कोंडतो. आणि यजमानाने "चहाभात घेणार ना?" असं विचारलं, म्हणजे भातावर गरम चहा ओतून देऊ का, की मी चपला शोधायला लागतो. घेणार ना म्हणजे निघा आता! एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

तर, मी जिथे सत्तावीस वर्षं किमोनो विकले ती पेढी बंद पडली. मग तीन ठिकाणी नकार. "तुमच्यासारखा अनुभवी माणूस इथे रमणार नाही," म्हणजे म्हातारे झालात! शेवटी बायकोनेच, फुमिएने, बजावलं, "लोणच्याच्या दुकानात विक्रीला माणूस हवाय. तिथेही नाही जमलं, तर गावी जाऊन माझ्या दादाच्या कोंबड्या सांभाळायच्या!"

कोंबड्या मला चोची मारतात. मी कोट चढवून गेलो.

मालकीण चिझुरुबाई चाळिशीच्या, हसऱ्या. हसरा चेहरा दिसला तेव्हाच मी सावध झालो.

"या, निशिवाकीसाहेब! घड्याळ काय सुंदर आहे हो तुमचं!"

म्हणजे वेळ संपली! मला येऊन मिनिटसुद्धा झालं नव्हतं!

"चहाभात घेणार ना?"

आल्या पावली परत.

"चहाभात म्हणाल्या? तोंडावर?" फुमिए हादरलीच. "तुम्ही नक्की काहीतरी वेडंवाकडं बोलला असाल. उद्या जाऊन माफी मागा!"

दुसऱ्या दिवशी मिठाईचा पुडा नेला, कमरेत वाकलो.

"अय्या, मिठाई कशाला? बसा! तुमच्यासाठी भात तयारच ठेवलाय!"

तयारच! अपमानसुद्धा आगाऊ शिजवून ठेवलेला! मी पळालो.

तिसऱ्या दिवशी पुडा बांधलेलं रेशमी फडकं परत आणायला गेलो, तर बाई वाडगा घेऊन दारातच आडव्या.

"आज खाल्ल्याशिवाय सोडणार नाही!"

"बाई," मी म्हणालो, "एवढा अपमान कशासाठी?"

"कसला अपमान? लोणचं विकायचं तर चव कळायला नको? म्हणून सगळ्यांना भाताबरोबर चाखायला देत होते. एका उमेदवाराने काल तीन वाडगे हाणले. त्याला नोकरी दिलीसुद्धा! पण तुम्ही दोनदा उपाशी गेलात, जिवाला लागलं माझ्या."

"तुम्ही... मूळच्या कुठल्या?"

"पार उत्तरेकडच्या, होक्काइदोच्या. मावशी वारली, म्हणून तिचं हे दुकान चालवायला वर्षापूर्वी इथे आले."

मी आत जाऊन बसलो. वाडगा संपवला आणि चहाभाताचा अर्थ सांगितला. बाईंचा चेहरा उतरला.

"म्हणजे समोरच्या आजी म्हणतात, 'तुमच्याकडे किती वर्दळ असते हो', ते?"

"दारातल्या सायकली हलवा."

"आणि 'चव किती वेगळी आहे!'"

"मावशींच्या हाताची सर नाही."

"देवा! मी तर रोज आभार मानत होते! तरीच गिऱ्हाईक तुटतंय!" बाईंनी कपाळावर हात मारला. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "उद्यापासून या. गिऱ्हाईक गेलं की मला फक्त अर्थ सांगायचा. पगार विक्रेत्याएवढाच!"

खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. बायको आयुष्यभर ज्याला संशयी स्वभाव म्हणाली, त्याचा आता पगार मिळणार होता!

पहिल्या दिवशी मी ऐटीत बाईंच्या शेजारी उभा राहिलो. समोरच्या आजी आल्या. मी त्यांना लोणच्याची भाजी चिरण्यापासून मिठापर्यंत सगळं ऐकवलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, गोड हसल्या आणि बाईंना म्हणाल्या, "अगंबाई, किती हुशार माणूस मिळाला हो तुम्हाला!"

आजी गेल्या. चिझुरुबाई वही-पेन्सिल घेऊन माझ्याकडे सरकल्या.

"सांगा पटकन! याचा अर्थ काय?"

मी खाकरलो. बरणीचं झाकण घट्ट केलं. पुन्हा सैल केलं.

"याचा अर्थ," मी म्हणालो, "तुम्हाला हुशार माणूस मिळाला."